देवासचे टॉवेल

धाकटीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझ्या बैठकीत ओले शर्ट लटकत होते. त्या वर्षी धारला गणपती गेले तरी पाऊस हटायला तयार नव्हता. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी, दोरीवर नवऱ्याचे शर्ट, शर्टांच्या खाली वाकून बसलेली मी, आणि माझ्या हातातल्या मोबाईलमध्ये माझी धाकटी बहीण. ती देवासला आपल्या फ्लॅटमध्ये उभी राहून एक पांढराशुभ्र टॉवेल गालाला लावत होती.

"ताई, आत्ता निघालेत मशीनमधून. गरम गरम. तव्यावरच्या पोळीसारखे. हात लावून बघ!"

"फोनमधून काय हात लावू?"

"मग ये ना इकडं. दोन दिवस राहा, सगळे कपडे घेऊन ये, सुखवून देते."

हे ती मनापासून म्हणाली. तिला टोमणा मारताच येत नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे. टोमणे मारणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. धाकटीशी भांडायला काही कारणच सापडत नाही, त्यामुळे सगळं आपल्याच पोटात राहतं आणि आतल्या आत उकळतं.

मशीन म्हणजे कपडे धुवायचं नव्हे. ते माझ्याकडेही आहे. हे कपडे वाळवायचं मशीन, ड्रायर. तिचा नवरा देवासच्या एका कारखान्यात आहे. तिथं बाहेरदेशचा एक इंजिनीअर राहत होता, तो परत जाताना त्याच्या घरातलं सामान वाटून गेला, त्यात हे यांच्या वाट्याला आलं. पिठाच्या गिरणीएवढं धूड. मागून एक चंदेरी पन्नीचा पाइप निघतो, भात्यासारखा चुण्या-चुण्यांचा, आणि भिंतीला भोक पाडून बाहेर गॅलरीत उघडतो. कपड्यांतली सगळी वाफ त्या वाटेनं बाहेर. तोंडाला एक झडप, मशीन चालू असलं की फडफडते.

आता मी कोण, ते सांगते. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी पुष्कळदा सांगते, यापुढेही सांगेन, कुणाला टोचलं तर टोचू दे. आमचे पूर्वज संस्थानिकांच्या मागून महाराष्ट्रातून इकडं माळव्यात आले ते वाड्यावरचे कपडे धुवायला. आम्ही परीट. बाबांची धारला लाँड्री होती. आई धुवायची, बाबा कोळशाची इस्त्री फिरवायचे. कॉलेजात माझ्या वर्गात वकिलांच्या, डॉक्टरांच्या मुली होत्या, पण माझ्या ओढणीसारखी घडी एकीच्याही ओढणीला नसायची. बाबा मुद्दाम सगळ्यांत शेवटी माझे कपडे घ्यायचे, इस्त्री पुरती तापल्यावर. मी बी.एससी. झाले, बी.एड. झाले, आता सरकारी शाळेत विज्ञान शिकवते. पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत, हवेतली आर्द्रता म्हणजे काय, हे मी दरसाल फळ्यावर आकृती काढून समजावते. मग घरी येते आणि ओल्या शर्टांखालून वाकून स्वयंपाकघरात जाते. ज्ञान माझ्याकडे, मशीन तिच्याकडे.

धाकटीनं बी.कॉम. अर्धवट सोडलं. लग्न केलं. सासरी खातेगावला गहू-सोयाबीनची शेती, नवरा मान खाली घालून काम करणारा, देवासला लिफ्टचा फ्लॅट, गॅलरीतून देवीची टेकरी दिसते. तिनं कशासाठी फार धडपड केली असं मला कधी दिसलं नाही. वस्तू तिच्याकडे चालत येतात.

ते मशीन आलं तेव्हा मला हेवा वाटला, पण तो साधा हेवा होता. शेजारणीच्या फ्रीजचा वाटतो तसला. तो जिरतो. खरा हेवा वाटला तो आईचा.

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच होती. आम्हाला भाऊ नाही. लेकीच्या घरी कसं राहायचं म्हणून आधी तिनं पुष्कळ आढेवेढे घेतले, पण मग रमली. माझ्या घराचा जिना उभा आहे आणि तिचे गुडघे गेलेत. त्या पावसाळ्याच्या तोंडाशी धाकटी म्हणाली, "आई, माझ्याकडं लिफ्ट आहे, पावसाळाभर ये." मी म्हटलं, जा. पावसाळाभर. आता दसरा तोंडावर आला होता आणि आईच्या परतण्याचा शब्द कुणी काढत नव्हतं. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "आई कुठंय?" देवासला म्हटलं की लगेच, "हो का, तिकडं बरंय, लिफ्ट आहे ना." लिफ्ट आहे, लिफ्ट आहे. जसं काही मी आईला डोंगरावर ठेवलं होतं.

इथं एका शब्दाबद्दल सांगायला हवं. आमच्या माळव्यातल्या मराठीत कपडे 'सुखतात'. हिंदीत सूखना, म्हणून मराठीत सुखणं. "कपडे सुखले का गं?" हेच मी लहानपणापासून ऐकलं, हेच बोलले. माझी शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, मराठी फक्त घरातली. लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याच्या मावशीकडे पुण्याला गेले. गच्चीवरून खाली येऊन मी म्हटलं, "मावशी, कपडे सुखले." मावशी हसू लागल्या. "अगंबाई, सुखले? कशानं सुखले ते? वाळले म्हणावं!" मग जेवताना सगळ्यांना सांगून झालं. पापड सुखले का, आमटी सुखली का. मी हसले सगळ्यांबरोबर. पण परत आल्यावर मी मराठी वाचायला शिकले, स्वतःची स्वतः. पेपरच्या पुरवण्या, वाचनालयातली पुस्तकं, मिळेल ते. तो शब्द मी तोंडातून काढून टाकला. आज माझ्या मराठीत पुण्याच्या मावशींनाही खडा सापडणार नाही. माझ्या घरात कपडे वाळतात. आईला मी किती वेळा टोकलं. ती म्हणायची, "वाळले काय नि सुखले काय, ओले नाहीत ना? मग घडी घाल."

तर टॉवेलच्या त्या कॉलनंतर काही दिवसांनी आईचा मेसेज आला. आईला लिहिता येत नाही. ती मोबाईल तोंडाशी धरून बोलते आणि पाठवते. शाळेतून सुटून मी बसस्टँडपाशी उभी होते, तिथंच ऐकला.

"मोठे, आई बोलतेय. जेवलीस का? इथं सगळं आहे गं. धाकटी काही करू देत नाही, हातात आयतं. मी तर इथं अगदी सुखले बघ. तू बरी आहेस ना? ठेवते."

मी परत ऐकला. घरी येऊन चहा ठेवला आणि परत ऐकला. 'अगदी सुखले बघ.' सगळं आहे, हातात आयतं आहे, आई सुखात आहे. मग माझ्याकडं इतकी वर्षं काय होती, दुःखात? माझ्याकडं ती पहाटे उठून अंगण झाडायची, माझ्या डब्याच्या पोळ्या लाटायची, गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालायची, गुडघे धरून खाली यायची. ते सगळं तिला नको होतं तर. बी.एससी. झालेल्या लेकीकडे कष्ट, आणि कॉलेज सोडलेल्या लेकीकडे सुख. मी काही आनंदाचे शब्द शोधत बसले नाही. अंगठा पाठवला. तो पिवळा, वर केलेला. उत्तम आहे, अशा अर्थाचा.

नवरा म्हणाला, "तुला आनंद व्हायला पाहिजे."

"झालाय की," मी म्हटलं आणि कुकरचं झाकण आपटलं.

पुढच्या आठवड्यात धाकटीचा फोन. आवाज रडवेला. "ताई, मशीन बिघडलं गं. तापतं खूप, पण कपडे ओलेच. परत परत लावते. काल तर जळका वास आला. इंदौरचा मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करतोय."

माझ्या पोटात काहीतरी गोड हललं. खरं ते सांगते. वर आवाज शक्य तेवढा मोठ्या बहिणीचा काढला. "आतली जाळी साफ करतेस का?"

"दर वेळी करते. तूस निघतं ते काढते." तूस म्हणजे कपड्यांची मऊ लव, झडलेली. आमच्या लाँड्रीतला शब्द.

"मग पाइप तुंबला असेल. वाफ बाहेर जात नाही, म्हणून मशीन तापतं. बंद ठेव. लावू नकोस अजिबात, आग लागते अशानं. रविवारी मी येते."

"तू करशील?"

"बाष्पीभवन मला शिकवतेस?"

पाइपाची काळजी होती, खोटं नाही. पण निघाले ते आईचं सुख डोळ्यांनी बघायला. इंदौरला बस बदलून देवासला पोचले तेव्हा बहिणीचा नवरा फाटकाशी उभा होता. "आओ ताई, आओ. डॉक्टर आले!" मग लिफ्टवाल्याला, "भिया, पाचवा दबा दो." लिफ्टमध्ये आरसा होता. बसमध्ये विस्कटलेले केस मी तिथं नीट केले आणि मला त्या आरशाचाही राग आला.

आई सोफ्यावर बसली होती. पाय वर, मांडीवर घडी केलेलं एक पांघरूण, समोर टीव्ही चालू, आवाज बंद. मला पाहून तिचा चेहरा उजळला, पण ती उठली नाही. माझ्याकडं मी शाळेतून आले की ती उठायची. तिची साडी स्वच्छ, केस नीट, हातांना कसल्या तरी क्रीमचा वास. हात मी हातात घेतले तर मऊ झाले होते. आईचे हात मऊ! सोड्यानं आणि साबणानं चिरलेले ते हात मी आयुष्यभर पाहिले, आणि धाकटीनं एका पावसाळ्यात ते मऊ केले.

"बरी आहेस की," मी म्हटलं.

"आहे," आई म्हणाली. बस.

धाकटी पोहे घेऊन आली, वर शेव, डाळिंबाचे दाणे. मी म्हटलं आधी काम. साडीचा पदर खोचला. प्लग काढला. मशीन मी आणि बहिणीच्या नवऱ्यानं मिळून भिंतीपासून ओढलं. मागं एक क्लिप होती, स्क्रूनं आवळलेली. ती ढिली केली आणि पाइप मशीनपासून सुटला.

आत बघितलं तर तूसच तूस. निळसर करडं, मांजराच्या पिल्लाच्या अंगासारखं. मी पाइप जुन्या पेपरवर झटकला, लांब दांड्याच्या ब्रशनं आतून घासला. ढीग पडला. धाकटी तोंडाला ओढणी लावून बघत होती. "अगंबाई, एवढं? मी तर रोज जाळी साफ करते गं."

"जाळीतून सुटतं ते इथं साठतं. पाइप कोण साफ करणार, तो इंजिनीअर?"

"मला काय माहीत."

"माहीत करून घ्यायचं असतं." हे मी बोलून गेले. धाकटी चहा टाकायला आत गेली, आणि तिच्या नवऱ्याला कुणाचा तरी फोन आला म्हणून तोही गेला.

पण एवढ्या तुसानं मशीन जळायला आलं नसतं, हे मला कळत होतं. भिंतीतल्या भोकात मी जाळी-जळमटं काढायची काठी घातली. काठी आत गेली आणि मऊ कशाला तरी अडली. ढकललं तर हलेना. पक्ष्याचं घरटं असेल असं वाटलं. मी बाहेर गॅलरीत गेले. समोर टेकरी ढगात होती. भोक खाली, जवळजवळ जमिनीशी, आणि त्याच्या बरोब्बर समोर एक कुंडी. कुंडीत तुळस होती. म्हणजे तुळशीच्या काड्या होत्या. पान एक नव्हतं.

मी खाली बसले, झडप उचलली, आत हात घातला. कापड हाताला लागलं. घट्ट वळून, दाबून बसवलेलं. ओढलं तर हळूहळू बाहेर आलं, लांबच लांब. हिरव्या लुगड्याचा तुकडा, मोतिया काठाचा. हे लुगडं मी ओळखत होते. बाबांनी माझ्या बी.एससी.च्या निकालाला आईला घेतलेलं. फाटल्यावर तिनं त्याची पायपुसणी केली नाही, भांडी पुसायला घेतलं नाही, नुसती घडी करून जवळ ठेवायची.

मागं चाहूल लागली. आई दारात उभी होती, चौकटीला धरून.

"हे तू घातलंस?"

तिनं एकदा आत वळून बघितलं. मग हळू म्हणाली, "तुळस सुखली."

"काय?"

"त्या भोकातून गरम हवा यायची, सारखी तुळशीच्या अंगावर. चार दिवसांत पानं गळाली. म्हटलं बूच घालावं. तरी सुखलीच."

"आई, आग लागली असती! मशीन तापून पेटतं असं केलं की."

"मला काय ठाऊक पेटतं. मला वाटलं बंद पडेल."

तुळस वाचेल असं ती म्हणाली नाही. बंद पडेल म्हणाली. तिची नजर टेकरीवर.

"कुंडी हलवायची होतीस. धाकटीला सांगायचं होतंस."

"काय सांगू? जावयाच्या घरात बसून, तुमच्या मशीनची हवा माझ्या तुळशीला लागते? ती पोर माझ्यासाठी इतकं करते. पाणी भरू देत नाही, कपडे धुऊ देत नाही, घडी घालू देत नाही. म्हणते, तू आयुष्यभर केलंस आई, आता बस. बसून बसून काय होतं माणसाचं?"

"मग मला तरी सांगायचंस."

आई वळली. "तुला सांगितलं की. मोबाईलमधे बोलले. मी इथं सुखले म्हणून सांगितलं. तू आंगठा पाठवलास."

आणि तिनं आपला अंगठा वर करून दाखवला. मऊ, क्रीम लावलेला अंगठा.

मी तिथं त्या सुकलेल्या काड्यांपाशी उकिडवी बसले होते, हातात लुगड्याचा बोळा. सुखले. तुळस सुखली, कपडे सुखले, मी सुखले. त्याच शब्दात बाई बोलली होती, जन्मभर बोलते तेच. तो शब्द कानातून काढून टाकला होता मी, पुण्याच्या जेवणाच्या ताटावर.

"मला वाटलं..." मी म्हटलं.

"काय वाटलं?"

"काही नाही."

यापुढचं सांगायला कुणाला आवडणार नाही, पण झालं ते असं. मला आधी वाईट वाटलं नाही. आधी मला आनंद झाला. आई इथं सुखात नव्हती! लिफ्ट, सोफा, गरम टॉवेल, क्रीम, आणि आई सुखात नव्हती. एवढ्या दिवसांचा गोळा एका क्षणात विरघळला. वाईट वाटलं ते नंतर, आणि तेही त्या आनंदाच्या शेजारी बसून.

आतून धाकटीचा आवाज आला. "ताई, काय निघालं गं?"

मी तो बोळा पदराखाली धरला आणि आत जाऊन आपल्या पर्समध्ये कोंबला. "तूस," मी म्हटलं. "दुसरं काय निघणार?"

पाइप परत बसवला, क्लिप आवळली, मशीन भिंतीशी सरकवलं. धाकटीनं ओले टॉवेल आत टाकले आणि आम्ही सगळे गॅलरीत जाऊन उभे राहिलो. झडप फडफडायला लागली. गरम, साबणाच्या वासाची हवा पायावर आली. बहिणीच्या नवऱ्यानं टाळी वाजवली. "मान गए ताई! इंदौरवाल्याला आता सांगतो, घरीच बस." धाकटीनं मला मिठी मारली. आई तुळशीच्या कुंडीकडे बघत होती. मी पायानं कुंडी बाजूला सारली, कुणाचं लक्ष नाही असं पाहून.

जेवताना आईनं वरणभात कालवता कालवता म्हटलं, "मी आज मोठीबरोबर धारला जाईन म्हणते."

धाकटीचा हात वाढता वाढता थांबला. "आज? एकदम?"

"पाऊस सरला आता."

"तिकडं जिना आहे आई. तुझे गुडघे..."

"चढेन हळूहळू. कुठं जायची घाई आहे मला."

धाकटीनं वाटी खाली ठेवली. तिचा नवरा म्हणाला, "अरे, राहा ना आई," पण तो आपला जावयाचा मान राखून. जेवणं झाल्यावर मी ताटं घेऊन आत गेले तर धाकटी ओट्याशी पाठ करून उभी.

"काय बोललीस तू तिला गॅलरीत?"

"काहीच नाही."

"तू आलीस की ती तुझीच होते. नेहमीच. तू पास झालीस की गल्लीभर पेढे, बाबांनी लुगडं घेतलं आईला. मी पास झाले की म्हणायचे, बरं झालं. मी कॉलेज का सोडलं माहितीय? मला कळलं होतं की तुझ्या पुढं काही उरलेलंच नाही." ती नळाखाली ताट धरून उभी होती. "मला वाटलं, निदान आईला आराम तरी मी देईन. तेवढं तरी माझ्या हातून होईल."

हे मला नवीन होतं. मी आतापर्यंत समजत होते की हेवा मी एकटी करते. आणि इथं ही, इतक्या वर्षांची, माझ्या पेढ्यांचा हेवा पोटात धरून बसलेली, आणि मी तिच्या लिफ्टच्या आरशाचा.

पर्स माझ्या खांद्याला होती. ती उघडायची, लुगडं काढायचं आणि म्हणायचं, तुझं काही चुकलं नाही गं, तुझ्या मशीनची हवा तुळशीला लागली, आणि तिला हाताला काम पाहिजे. दोन वाक्यं. मला माहीत होतं पुढं काय झालं असतं. धाकटीनं तिथल्या तिथं कुंडी हलवली असती, नवी तुळस आणली असती, आईला कपडे वाळत घालायला गॅलरीत दोरी बांधून दिली असती. ती तशीच आहे. आणि आई राहिली असती.

मी पर्स उघडली नाही. ताटं विसळायला लागले.

संध्याकाळी आईची पिशवी धाकटीनंच भरली. प्रत्येक साडी मशीनमधून काढून, घडी करून. साड्या मशीनमधल्या असल्या तरी घडी बाबांसारखी होती, चारी कोपरे मिळालेले. हे मी पहिल्यांदा पाहिलं. बस सुटेपर्यंत ती खिडकीशी उभी होती.

धारला ऊन आलं ते असं आलं की बैठकीतली दोरी मी त्याच दिवशी काढून टाकली. आई गच्चीचा जिना बसत बसत चढते. वर गेली की दुहेरी दोरी बांधून घेते, आणि मी कपडे पिळून देते, ती झटकून टाकते. नवऱ्यानं तिच्यासाठी एक खुर्ची वर नेऊन ठेवली. नवी तुळस लावली, ती धरली. हातांचा मऊपणा आठवड्यात गेला. मला वाटलं, जिंकले.

मग एका रविवारी आई टॉवेल काढत होती. एक गालाला लावला, बोटांनी चोळला, आणि म्हणाली, "सुखलाय. पण हा बघ, पापडासारखा. देवासचे टॉवेल फार मऊ असायचे गं."

"मशीनमधले असतात तसे," मी म्हटलं.

"हो ना. आणि गरम."

तेवढ्यात मोबाईल वाजला. धाकटी. मी फोन आईकडे वळवला. पडद्यावर देवासची गॅलरी, मागं टेकरी, आणि गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत नवीकोरी पिवळी नायलॉनची दोरी. दोरीवर काही नव्हतं. मी काही सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच समजलं होतं.

"आई, बघ. बांधली."

आई डोळे बारीक करून बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, मधे झोळ आलाय. ओला कपडा टाकलास की जमिनीला लागेल. ताणून बांध."

"मला नाही जमत. तू ये आणि सांग."

"दिवाळी होऊ दे. येते बघायला."

मी पुढचा टॉवेल दोरीवरून ओढला आणि झटकला. जोरात. फटाका फुटावा तसा आवाज आला. परत झटकला.

"हळू गं मोठे," आई मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली. "तूस निघतंय त्याचं."